नाव काढणे

ओकॅटी काउंटी, जॉर्जिया. मंगळवार, सकाळचे दहा.
नोंदणी कचेरीचा एसी पुन्हा बंद, म्हणून सुनावणी
अग्निशमन केंद्राच्या मागच्या खोलीत,
जिथं गुरुवारी बिंगो असतो.
बोर्डाचे तिघं लांब टेबलाशी. मी कोपऱ्यात, लॅपटॉप घेऊन.
बावीस वर्षं हेच करते : नावं घालते,
नावं काढते.

व्हर्नन स्ट्रिकलंडनं यादी आणली आहे,
अकराशे छत्तीस नावांची.
सर्व्हेअर होता. निवृत्त झाला, मोजायची खोड गेली नाही.
हिवाळाभर स्वयंपाकघरात बसून त्यानं पत्ते ताडून पाहिले :
कोण टेनेसीला गेलं, कुणाचं घर म्हणजे टपालाचा गाळा,
कोण मोटेलात पडून असतं.
पत्ता चुकला की पत्ता कट.
प्रत्येक नावापुढे कारण, टाइप केलेलं, समास सोडून.

कारण लेखी हवं, असा नियम आहे.
सिद्ध करायचं ओझं ज्यानं बोट दाखवलं त्याच्याच डोक्यावर.
आणि ज्याच्याकडे बोट, त्याला नोटीस पाठवायची
त्याच पत्त्यावर
जिथं तो राहत नाही म्हणून आक्षेप आहे.
पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी हसले होते.
आता नुसती तिकिटं चिकटवते.

ओडेसा टिलरी आली
कोंबड्यांच्या कारखान्यातली रात्रपाळी संपवून, रबरी बूट तसेच.
"मॅग्नोलिया मोटेल, खोली चौदा. सहा वर्षं झाली."
"मोटेल म्हणजे घर नव्हे, बाई," व्हर्नन म्हणाला, अगदी अदबीनं.
"आठवड्याला दोनशे चाळीस डॉलर भरते मी.
तुम्ही तुमच्या घराला काय भरता?"
मागे कुणीतरी फिसकन हसलं.
तिनं पिशवीतून पावत्या काढल्या,
वर्षाला एक गठ्ठा, गठ्ठ्याला एक रबरबँड.
मोजायला व्हर्नननंच घेतल्या. अंगठा ओला करून, सावकाश,
आम्ही सगळे थांबलो.
"तीनशे बारा," तो म्हणाला. "एकही आठवडा चुकलेला नाही."
आणि जरा वेळानं : "हिच्यावरचा आक्षेप मी मागे घेतो."

दुपारपर्यंत असंच चाललं.
ड्वेन बॅझमोर ट्रकवर असतो, आला नाही,
त्याची नोटीस न फोडता परत आली होती.
एकजण खरंच टेनेसीला गेलाय. त्याच्या आईनंच सांगितलं,
जरा रागानं.

शेवटच्या पानावर, टाइप संपतं त्याखाली,
एक नाव हातानं लिहिलेलं, निळ्या शाईत.
लोरीन मे स्ट्रिकलंड. पत्ता त्याचाच.
कारणाचा रकाना कोरा.

मला ठाऊक होतं. गावाला ठाऊक होतं.
लेकीकडे गेली होती अलाबामात, आणि तिथंच गेली.
एका राज्यातला मृत्यू दुसऱ्या राज्याच्या यादीत
आपल्या पायांनी चालत येत नाही.
माझ्या दप्तरी तीन वर्षं ती हयात.
तिच्या नावाचं कार्ड पाठवलं की परत यायचं नाही.
कुणीतरी ते ठेवून घ्यायचं.

"कारण, मिस्टर स्ट्रिकलंड," अध्यक्षबाई म्हणाल्या.
"कारणाशिवाय दाखल होत नाही."
तो उभा राहिला. टोपी घातली, पुन्हा काढली.
"तिथं राहत नाही."
"कधीपासून?"

ओडेसा अजून गेली नव्हती,
भिंतीशी बसून बुटातून पाय सोडवत होती.
तिनं हातातला बूट जमिनीवर ठेवला,
आवाज होऊ न देता.

तीन वर्षांत त्यानं तिचं नाव काढलं नव्हतं,
ना चर्चमध्ये, ना किराण्याच्या रांगेत,
ना माझ्या खिडकीशी.
आज काढलं.

निवडणूक जवळ आली की यादीला हात लावायचा नसतो.
मेलेल्यांना ती मुदत नाही, त्यांचं केव्हाही काढता येतं.
मी फॉर्म त्याच्यापुढे सरकवला.
त्यानं कडा जुळवून चार घड्या घातल्या, खिशात ठेवला.
"घरी भरतो."
"सावकाश," मी म्हणाले.
असं म्हणायचा अधिकार मला आहे का,
ते नियमात अजून पाहिलेलं नाही.